बागेतल्या बाकावरचा काळा कोट

जानेवारीतल्या एका शनिवारी, ऊन उतरायच्या सुमाराला, बहरीनमधल्या सनाबिसजवळच्या एका बागेत रखवालदाराने आमच्यातल्या एका माणसाकडे ओळखपत्र मागितलं. मागताना तो त्याला साहब म्हणाला. त्या माणसाच्या अंगात काळा लांब कोट होता, डोक्यावर तांबडी पगडी आणि खांद्यावर जरीकाठी उपरणं. तो चिपळूणकडचा, एसी दुरुस्तीचं काम करणारा. त्याच्या ओळखपत्राची मुदत उलटून गेली होती आणि नवीन व्हिसा अजून झालेला नव्हता.

बागेत आम्ही एक जुनं चित्र उभं करणार होतो. इथली आठ-दहा मराठी कुटुंबं हिवाळ्यात एकदा बाहेर जेवायला जमतात. दर वर्षी काहीतरी वेगळं करायचं असतं. या वर्षी कोणाच्या तरी मोबाईलवर गेल्या शतकाच्या सुरुवातीचं एक रंगवलेलं छायाचित्र आलं होतं, मुंबईतल्या एका बागेतलं. तसेच कपडे घालून, तसंच बसून फोटो काढायचा असं ठरलं. वर्तमानपत्रात असताना फोटोओळी लिहिणं हे बरीच वर्षं माझं काम होतं, म्हणून चित्रात कोण काय आहे ते सांगायचं आणि शेवटी फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं.

चित्राखाली नावं नव्हती. तरी ओळ लिहायला अडचण आली नसती. बाकाच्या मधोमध काळा कोट, पगडी, उपरणं, हातात काठी, पायांत चकचकीत पंप शू: वकील, वरचा सरकारी नोकर किंवा पेढीचा मालक. शेजारी नऊवारीतली त्याची बायको. लांब बाह्यांचं, गळ्याशी लेस लावलेलं पोलकं, हातात मिटलेली छत्री, आणि लुगड्याखाली पायमोजे आणि बूट. नऊवारीवर बूट घालणारी बाई म्हणजे घर शिकलेलं आणि नवरा सुधारकी मताचा. बाकाच्या टोकाला तुर्की टोपीतले, गळाबंद लांब कोटातले एक गृहस्थ, बहुधा व्यापारी. पुढे गवतावर खलाशी कॉलरचा फ्रॉक घातलेली मुलगी. मागे पांढऱ्या लुगड्यातली आया, हात बाबागाडीच्या दांड्यावर. आणखी मागे झाडाला पाणी घालणारा माळी, धोतर गुडघ्यापर्यंत, डोक्याला मुंडासं. आया आणि माळी अनवाणी होते. बाकावर बसलेलं कोणी अनवाणी नव्हतं. आया आणि माळी सरळ कॅमेऱ्याकडे पाहत होते. बाकावरचे भलतीकडे पाहत होते. फोटो काढून घ्यायची त्यांना सवय असावी.

पहिल्याच बैठकीत अडचण आली ती ही की आया व्हायला कोणी तयार होईना आणि बूट घातलेली बाई व्हायला चौघी तयार. मग चिठ्ठ्या टाकल्या. आया एका शिक्षिकेच्या वाट्याला गेली. माळी आला आमच्यातल्या बँकेच्या मॅनेजरांकडे. हे सगळ्यांत वरच्या हुद्द्यावरचे, बैठकीही त्यांच्याच घरी होतात. त्यांच्याच बँकेत काम करणारा एक तरुण म्हणाला, "साहेब, शेवटी झाडाची का होईना, शाखा मिळाली." मॅनेजर हसले, पण चिठ्ठी त्यांनी दोनदा उलटून पाहिली.

बाकावरची बाई आणि काळा कोट या दोन्ही चिठ्ठ्या एकाच घरात गेल्या. नवरा अस्करकडच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनियर, बायको घर सांभाळणारी. तिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. चिठ्ठ्या टाकूनही जोडी कशी जमली, यावर थोडी कुजबुज झाली. त्यांची आठ वर्षांची मुलगी फ्रॉकची मुलगी ठरली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. कॉलर पाहून तिने विचारलं होतं, "डू आय लुक लाइक अ बोट?"

तुर्की टोपीसाठी चिठ्ठी टाकावी लागली नाही. रत्नागिरीचे एक व्यापारी आमच्यात आहेत, मनामा शहरात त्यांचं एसीचं आणि सुट्या भागांचं दुकान आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. तशी टोपी त्यांच्या घरात होती. ती त्यांनी गावाहून मागवून घेतली.

कोट मनामातल्या शिंप्याकडून शिवून घेतला होता, इंजिनियरच्या मापाचा. ते उंच आहेत, खांद्यांत रुंद आणि पोटाने सपाट. त्या शनिवारी दुपारी त्यांच्या शिफ्टमधलं कोणीतरी आजारी पडलं आणि त्यांना कामावर बोलावून घेतलं. बागेत वहिनी आल्या, मुलगी आली, पिशवीतून कोट आला. कोटातला माणूस आला नाही.

मॅनेजरांनी मुंडाशासकट कोट घालून पाहिला. बटणं आणि काजं यांच्यात वीतभर अंतर राहिलं. बँकेतल्या तरुणाच्या हातांवरून बाह्या लोंबल्या. मग कोणाचं तरी लक्ष चटया उतरवणाऱ्या माणसाकडे गेलं.

तो चाचांबरोबर त्यांच्या व्हॅनमधून आला होता. चटया, पाण्याचे कॅन, चहाचे थर्मास त्याने आणून ठेवले होते. त्याच्या खांद्यांवर कोट धरून पाहिला तर तो बरोबर बसत होता.

"मी नाय बसत बाकावर," तो चाचांना म्हणाला. "मी हितं चटया बघतो."

लोकांना वाटलं, लाजतोय. वहिनींनी आग्रह केला, शिक्षिकेने केला. तो का नाही म्हणतोय हे चाचांना माहीत होतं आणि चाचांनी सांगितल्यामुळे मला. तो ज्या कंपनीत होता ती उन्हाळ्यानंतर बंद पडली. मालक निघून गेला. कार्ड संपलं, नवीन निघेना. चाचांनी त्याला आपल्या दुकानाच्या नावावर घ्यायचं ठरवलं, अर्ज दिला. अर्ज मंजूर होईपर्यंत तपासणीत सापडू नकोस, खोलीच्या बाहेर फार फिरू नकोस, असंही त्यांनीच त्याला बजावलं होतं. सापडला तर अर्ज तिथेच थांबून त्याला परत पाठवायची शक्यता होती. गावाकडे बायको आणि दोन मुली, घर त्याच्या इथल्या पगारावर.

मग बागेत आणला का, असं मी चाचांना विचारलं होतं. ते म्हणाले, इतके आठवडे एका खोलीत चार भिंती बघतोय, आपल्या माणसांत जेवेल, बागेत कुटुंबांच्या गर्दीत त्याला कोण विचारतंय.

ते त्याच्या जवळ गेले. "पाच मिनटांचं काम हाय रे," हळू आवाजात म्हणाले. "बस."

व्हॅनच्या आडोशाला जाऊन तो कपडे बदलून आला. त्याची पँट, पाकीट, मोबाईल व्हॅनमध्ये राहिले. चित्रात कोणाचा खिसा फुगलेला नव्हता.

तो आला तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं. मग वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, हे तर आमच्यांपेक्षा शोभतात." बँकेतला तरुण म्हणाला, "भाऊ, आता एसी बंद पडला तर बोलवायचं कोणाला?" सगळे हसले. तोही हसला, पण बागेच्या फाटकाकडे बघत.

बाकावर तो पुढे टेकून बसला, कोणी उठ म्हटलं तर लगेच उठता येईल असा. चित्रातला माणूस पाठ टेकून, पाय पुढे टाकून बसलेला होता. मी तसं सांगितलं. हात त्याने उपरण्याखाली घेतले होते, ते मी काठीवर ठेवायला लावले. चाचा टोपी घालून टोकाला बसले. वहिनी शेजारी, मध्ये रीतसर अंतर ठेवून. मुलगी गवतावर. मागे आया, त्यामागे मॅनेजर, उघड्या पायांनी, हातात प्लॅस्टिकची झारी. शेजारच्या चटयांवरची कुटुंबं उठून पाहायला आली. दोन-चार जणांनी मोबाईल वर धरले. त्यामुळेच रखवालदार आला असावा.

साठीच्या आसपासचा बहरिनी माणूस होता, गणवेशातला, हिंदी बोलणारा. त्याने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. मॅनेजर झारी खाली ठेवून पुढे झाले आणि इंग्रजीत समजावू लागले, हा एक सांस्कृतिक उपक्रम आहे, जबाबदारी माझी आहे. रखवालदाराने त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि तळवा वर केला.

"तुम सबर," तो म्हणाला, म्हणजे तू थांब. "साहब बात करेगा."

मग तो बाकासमोर येऊन उभा राहिला आणि काळ्या कोटाला विचारलं, "साहब, इदर फोटो का परमिशन है?"

बाकावरच्या माणसाने उत्तर दिलं नाही. तो उठू पाहत होता. चाचांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो तसाच बसून राहिला, काठीवर हात, नजर समोर. मी तिथून चार पावलांवर होते. त्याच्या कपाळावर पगडीच्या काठाशी घाम आलेला मला दिसत होता. रखवालदाराला ते न बोलणं साहेबी थाटाचं वाटलं असावं, कारण त्याने आवाज आणखी खाली आणला आणि पुन्हा साहब म्हणत तोच प्रश्न विचारला.

त्या बागेत सुट्टीच्या संध्याकाळी फक्त कुटुंबांना सोडतात, तसा फलकच फाटकावर आहे. इकडे बॅचलर हा शब्द लग्न न झालेल्यासाठी नसतो. कुटुंब इथे नसलेला पुरुष तो बॅचलर, मग गावाकडे त्याची बायको-मुलं असोत. फॅमिली म्हटलं की माणूस आत, बॅचलर म्हटलं की बाहेर. इथे राहणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक आहे. नवऱ्याचा भाऊ, मामेभाऊ, शेजारी, कोणाकोणाला प्रत्येकीने कधी ना कधी फॅमिली या शब्दात गुंडाळून फाटकातून आत आणलेलं असतं. वहिनींना कार्डाचं काही माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की हा बॅचलर आहे आणि अडकला आहे.

"फॅमिली है," त्या म्हणाल्या. "ये मेरे हसबंड हैं."

रखवालदाराचा चेहरा मोकळा झाला. "अच्छा, फॅमिली. मफी मुश्किल," तो म्हणाला, म्हणजे मग अडचण नाही. "साहब का कार्ड दिखाओ. मैं लिखेगा. खलास."

वहिनींनी बाकावरच्या माणसाकडे पाहिलं, मग चाचांकडे. चाचांचा रंग पाहून त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. कार्ड गाडीत आहे, त्या म्हणाल्या. मी माझं कार्ड पुढे केलं. ते त्याने घेतलं नाही. मी फोटो काढणारी, त्याला कुटुंबाचा मोठा माणूस हवा होता. मॅनेजर पुन्हा म्हणाले, माझं घ्या, मी मागवतो. त्यांच्याकडे त्याने पाहिलंही नाही. गाडीतून कार्ड आणा, मी थांबतो, असं तो म्हणाला. त्याला घाई नव्हती. मला तो वाईट माणूस वाटला नाही. वाट पाहताना काहीतरी बोलायचं म्हणून तो गवतावरच्या मुलीकडे वळला, थोडा वाकला आणि हसून काळ्या कोटाकडे बोट केलं.

"ये बाबा?"

मुलगी आईकडे पाहू लागली. आईने काहीच खूण केली नाही. मुलीने तोंड उघडलं.

त्याआधी बाकावरच्या माणसाने पगडी काढून शेजारी ठेवली होती.

"नहीं," तो म्हणाला. "मैं इसका बाप नहीं. मैं एसी का काम करता. ये कोट इसके बाप का है, वो ड्यूटी पे है. बच्ची को मत पूछो."

रखवालदाराने पगडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुम फॅमिली नहीं?"

"फॅमिली गाव में."

"कार्ड?"

"गाडी में."

"लाओ." साहब हा शब्द या वेळी नव्हता.

तो उठला. कोट काढला, अस्तर वर येईल असा घडी केला आणि वहिनींच्या हातात दिला. उपरणं त्यावर ठेवलं. धोतर आणि सदऱ्यात तो पार्किंगकडे चालू लागला. चाचा त्याच्याबरोबर जायला उठले, रखवालदाराने त्यांना बसायला सांगितलं. चाचांनी व्हॅनची किल्ली तेवढी त्याच्याकडे दिली.

पार्किंगला दुसरं फाटक आहे, ते रस्त्यावर उघडतं. आम्ही सगळे त्याच फाटकाने आत आलो होतो, तोही. झाडांच्या आड गेल्यावर तो दिसेनासा झाला. पाहायला जमलेल्या कुटुंबांतली बहुतेक आपापल्या चटयांवर परत गेली होती. वहिनींनी मुलीला जवळ ओढून घेतलं होतं. चाचांनी टोपी काढली होती आणि ती गुडघ्यावर गोल गोल फिरवत ते झाडांकडे बघत होते. बँकेतला तरुण मॅनेजरांचं कार्ड आणायला पळाला होता, तो आधी परत आला. त्याला पार्किंगमध्ये तो दिसला का, असं चाचांनी विचारलं. व्हॅनचं दार उघडं होतं, तरुण म्हणाला. माणूस दिसला नव्हता.

चाचांनी टोपी फिरवायची थांबवली.

मग तो झाडांमधून आला. हातात पाकीट होतं. व्हॅनच्या मागच्या बाजूला बसून तो पाकीट शोधत होता, हे नंतर कळलं. ते पँटीतून निसटून सीटखाली गेलं होतं.

त्याने कार्ड दिलं. रखवालदाराने फोटो पाहिला, त्याचा चेहरा पाहिला, कार्ड उलटलं, पुन्हा सुलटं केलं, हात लांब करून धरलं. मग मॅनेजरांचं कार्ड हातात घेतलं. त्यावरचा चेहरा आणि मुंडाशातला चेहरा जुळवायला त्याला वेळ लागला. ते कार्ड त्याने मोबाईलवर टिपून घेतलं. एसीवाल्याचं टिपलं नाही, तसंच परत दिलं. का, ते मला सांगता येणार नाही. उजेड कमी झाला होता आणि त्याच्याकडे चष्मा नव्हता, एवढं मी पाहिलं. त्याने तारीख वाचली की नाही, हे आमच्यापैकी कोणाला कळलं नाही.

बॅचलर आहे तो बाहेर, त्याने सांगितलं. बाकीच्यांनी अंधाराच्या आत आटपायचं. जाताना वहिनींकडे एकदा पाहून त्याने मान हलवली.

चाचा आणि तो लगेच निघून गेले. चटया बाकीच्यांनी गुंडाळल्या. ठरलेला फोटो निघाला नाही. रखवालदार येण्याआधी मी कॅमेरा जुळवताना काढलेले तीन-चार फोटो होते, त्यांत तो बाकावर होता. वहिनींनी ते पुसून टाकायला सांगितले. मी त्यांच्यासमोरच पुसले.

घरी गेल्यावर वहिनींनी चाचांना फोन केला. माझ्यामुळे झालं, असं त्या म्हणत राहिल्या. चाचांनी मला त्यांचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं: "तुज्यामुळं नाय. बस, असा मीच बोललो त्याला." व्हॅनमध्ये तो काय बोलला, हे मी विचारलं. फारसं काही नाही, चाचा म्हणाले. धाकटी मुलगी त्या पोरीच्याच वयाची आहे, एवढंच म्हणाला, आणि धोतर धुऊन परत करतो म्हणाला.

पुढचे दिवस वाट पाहण्यात गेले. कार्ड मॅनेजरांचं टिपलेलं होतं, म्हणून फोन आला तर त्यांना येणार होता. अनोळखी नंबर दिसला की ते दुसऱ्या खोलीत जाऊन घेत, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. इंजिनियरने मॅनेजरांना एकदा विचारलं की आपल्या बायकोचं बोलणं कुठे लिहून घेतलं आहे का. मॅनेजर म्हणाले, त्यांच्यासमोर तरी नाही. इंजिनियरने पुन्हा विचारलं नाही, पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून ते दोन दिवसांनी बाहेर पडले. वहिनी राहिल्या. काही लिहीत नव्हत्या.

एसीवाला खोलीतच होता. आता जेवणही खोलीत येत होतं. खाली दुकानापर्यंतसुद्धा तो उतरत नव्हता.

चाचांच्या घरी वेगळंच चाललं होतं. त्यांच्या मुलाचं म्हणणं, अर्ज मागे घ्यावा. त्याचं नाव कुठे नोंदलं गेलं असेल तर आपलं दुकान त्याच्या शेजारी कशाला लिहायचं. चाचांनी मला फोन करून विचारलं, तुम्ही पेपरवाल्या, रखवालदार पुढे काय करू शकतो. मला जे खात्रीने माहीत होतं ते मी सांगितलं, म्हणजे काहीच नाही. तेव्हा चाचा म्हणाले, "त्यानं पगडी काढली नसती तं त्या पोरीला खोटा बोलायला लागला असता. आनि मी बसलेलो बाजूला, टोपी घालून." अर्ज मागे घेणार नाही, असं त्यांनी मुलाला त्याच दिवशी सांगितलं.

त्यानंतरच्या आठवड्यात कार्यालयातून बोलावणं आलं. दुकानाच्या मालकाने अर्जदाराला घेऊन यावं, जुनं कार्ड बरोबर आणावं. कारण लिहिलेलं नव्हतं. मंगळवारी सकाळी दोघे गेले. चाचांनी जाताना मला कळवलं होतं, दुपारपर्यंत फोन नाही आला तर मुलाला विचारा. वहिनींचा मला दोनदा फोन आला, काही समजलं का म्हणून. समजलेलं नव्हतं.

दुपारच्या नमाजानंतर चाचांचा फोन आला. व्हिसा त्यांच्या दुकानाच्या नावावर झाला होता. बागेबद्दल कोणी काही विचारलं नव्हतं.

बुधवारी सकाळी तो बुदैयाच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यात एसी बसवायला गेला.